सहावा भाग

गुलाब मेश्राम मेला होता, हे भिलाईत दोघांनाच ठाऊक होतं. एक त्याची बायको शेवंता, आणि दुसरा त्याच्या पाळीतला सुखराम, जो या विषयावर काही विचारलं की आभाळाकडे बघू लागायचा. बाकी दुनियेच्या दृष्टीनं गुलाब फरार होता. ठेकेदाराच्या हजेरीबुकात त्याच्या नावापुढे तसा शब्दच लिहिलेला होता, आणि लिहिलेल्या शब्दाशी भांडायचं कसं, हे शेवंताला कोणी शिकवलं नव्हतं.

अडीच वर्षं झाली होती त्याला. एका ठेकेदाराकडे पोलाद कारखान्याच्या पायाच्या खोल खड्ड्यात काँक्रीट ओतायचं काम चालू होतं. ढलाई एकदा सुरू झाली की थांबवायची नसते, थांबली तर सांधा राहतो. माणसं बदलतात, ओतणं बदलत नाही. गुलाब सकाळच्या पाळीला डबा घेऊन गेला. जेवणाच्या सुट्टीत डबा झाडाखाली होता तसाच होता आणि गुलाब नव्हता. सुट्टी संपली, ढलाई चालूच राहिली. संध्याकाळी सुखरामनं डबा आणून दिला. शेवंतानं झाकण काढून पाहिलं, तर भात आणि लाखोरीचं वरण जसं तिनं भरलं होतं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती ठेकेदाराच्या मुन्शीपुढे जाऊन उभी राहिली. मुन्शी म्हणाला, "भाग गया होगा, बाई. रोज दो-चार भागते हैं."

"पळणारा मानूस डबा ठिवून जाते का, साहेब?"

"भागनेवाले को डब्बा भारी पड़ता है," मुन्शी म्हणाला आणि त्यानं पान उलटलं. एवढ्या हजरजबाबी माणसापुढे कोण काय बोलणार!

त्या एका शब्दानं शेवंताचं जगणं त्रांगडं करून टाकलं. ती बायको नव्हती, कारण नवरा नव्हता. विधवा नव्हती, कारण नवरा कागदोपत्री जिवंत होता. भंतेजींना बोलवावं, वंदना म्हणवून घ्यावी, चार माणसांना जेवू घालावं आणि गुलाबला नीट निरोप द्यावा, एवढीच तिची इच्छा होती. पण मजुरांच्या कॅम्पातली जाणती मंडळी म्हणाली, जिवंत माणसाचं पुण्यानुमोदन कसं करता येईल, काहीतरी कागद आण. दुर्गच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणारा म्हणाला, मुडदा नाही, कागद नाही, मी लिहू काय? माघारी बायका कुजबुजायच्या की त्यानं रायपुरात दुसरी केली. शेवंता सगळं ऐकून घ्यायची आणि रोज सकाळी कुंकू लावायची. लावलं तर टाकलेली, पुसलं तर जित्या नवऱ्याचं कुंकू पुसणारी. त्यातल्या त्यात पहिलं बरं.

आणि घरात ललिता होती. तेरा वर्षांची, हिंदी शाळेत सातवीला. तिला शाळेत पोरी 'फरारी की बेटी' म्हणून चिडवायच्या, पण पोरीला त्या शब्दाचा राग नव्हता. फरार माणूस परत येऊ शकतो, असं तिचं सरळ गणित होतं. दर रविवारी संध्याकाळी ती बापाचा डबा राखेनं लख्ख घासून पालथा घालायची आणि विचारायची, "माय, बाबाची काही खबर?" शेवंता म्हणायची, "पानी भरून ठेव." ज्या शब्दावर लेक जगत होती तोच खोडून आणायला आपण निघालो आहोत, हे तिला लेकीला सांगवत नव्हतं.

शेवंता सेक्टरातल्या, म्हणजे कारखान्याच्या पक्क्या वसाहतीतल्या, क्लबात झाडलोट करायची. क्लब म्हणजे पत्र्याचं छप्पर घातलेला लांबलचक हॉल. रविवारी दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून तिथे सिनेमा दाखवायचे. शेवंतानं पाणी शिंपायचं, दऱ्या अंथरायच्या, आणि खेळ सुरू झाला की बाजूच्या दाराशी उभं राहून पाहायला तिला कोणाची मनाई नव्हती. तिनं तिथे राजेराण्या पाहिल्या, रशियातली गव्हाची शेतं पाहिली, बर्फात चालणारी माणसं पाहिली. पण तिचा जीव जडला तो दाराजवळच्या टेबलावर ठेवलेल्या वहीवर.

ती अभिप्रायाची वही. ही रीत कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांनी आणलेली. त्यांच्या मुलखात म्हणे दुकानात, खानावळीत, सगळीकडे अशी वही असते, आणि ज्याला जे वाटेल ते त्यानं तिच्यात लिहावं. क्लबच्या करमणूक समितीनं ती उचलली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर कागद चिकटवला: प्रत्येक अभिप्रायाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल. वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. उत्तरं लाल शाईत, अभिप्रायाच्या खाली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी क्लबचा क्लार्क टिकाराम टेबलाशी बसायचा. तो शेवंताच्याच भंडारा जिल्ह्यातला, समाजातलाच, गुलाबला ओळखणारा. तिला वहिनी म्हणायचा.

आता कोणी म्हणेल, वहीत कसला जीव जडायचा? पण शेवंतानं तिचा प्रताप डोळ्यांनी पाहिला होता. कोणीतरी लिहिलं, मागच्या रांगेवरचा पंखा नुसता कुरकुरतो, फिरत नाही. दहाव्या दिवशी मिस्तरी शिडी घेऊन हजर. कोणीतरी लिहिलं, बायकांच्या बाजूला आडोसा पाहिजे. आडोसा आला. इतकी वर्षं ती जिथे जिथे गेली, तिथे तिचं बोलणं ऐकायला आधी कागद मागितला गेला. ही एकच वही अशी होती, जी कोणाला काही मागत नव्हती. इथे नुसतं पाहणारं असलं की पुरे होतं, आणि शेवंता तर दर रविवारी पाहत होती.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी तो फीतवाला सिनेमा आला. इंग्रजी होता. टिकाराम टाइप केलेला कागद घेऊन माईकपाशी बसला आणि नेहमीप्रमाणे हिंदीत गोष्ट सांगू लागला. सुरुवातीलाच त्यानं जाहीर केलं की ही विज्ञानकथा आधी विलायतेत टेलिव्हिजनवर दर आठवड्याला एक भाग अशी दाखवली आणि मग तिचा सिनेमा झाला. टेलिव्हिजन म्हणजे काय, असं कोणीतरी ओरडून विचारलं. "घर में रखने का छोटा सिनेमा," टिकाराम म्हणाला. "मग घर सोडून टॉकीजला कोण झक मारायला जाईल?" असं मागून उत्तर आलं आणि हॉल हसला.

गोष्ट अशी. चार माणसं एका यानात बसून चंद्राच्याही पलीकडे जातात. त्यांच्या बायकांना दर गुरुवारी एका कचेरीत बोलावतात आणि भोंग्यातून नवऱ्याचा आवाज ऐकवतात. मी बरा आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नकोस. त्यातली एक बाई लांबून बसनं यायची, आवाज ऐकायची आणि पदर नसल्यामुळे रुमालानं डोळे पुसून परत जायची. खरं असं असतं की यान दुसऱ्याच आठवड्यात जळून गेलेलं आहे. निघण्याआधीच त्या माणसांकडून कचेरीनं वर्षभराचं बोलणं फितीवर भरून घेतलेलं असतं, आणि दर गुरुवारी एक फीत लावली जाते. कारण काय, तर मोहिमेची बदनामी होऊ नये. एक दिवस ती बाई भोंग्याला उलट विचारते, आपली लेक आजारी आहे, तिला काय नाव ठेवलं होतंस तू लाडाचं? भोंगा म्हणतो, जेवण चांगलं आहे, काळजी करू नकोस. बाई वळून ऑफिसरकडे पाहते. ऑफिसर जमिनीकडे पाहतो. एवढ्यावर सिनेमा संपला.

शेवंता दाराची चौकट धरून उभी होती. सात समुद्रापलीकडच्या लोकांना आपलं कसं कळलं, हेच तिला उमजेना.

खेळानंतर चहा होता आणि अभिप्राय. लोक वहीभोवती गोळा झाले. एका वेल्डरनं लिहिलं की यानाचं वेल्डिंग अगदी कच्चं दाखवलंय, असलं काम आमच्याकडे कोणी पास केलं नसतं, जळालं तर नवल काय. एका तेलुगू फिटरनं हाणामारी नसल्याबद्दल नाराजी नोंदवली. शाळेच्या मास्तरांनी ज्ञानात भर पडल्याचं तीन ओळींत कळवलं. एका बाईनं टिकारामकडून लिहून घेतलं की नायिका चांगली आहे, पण सबंध सिनेमात एकही गाणं नाही, म्हणून डोकं दुखलं. एका रशियन साहेबानं आपल्या लिपीत पाऊण पान भरलं. ते समितीतल्या कोणाला वाचता येणार नव्हतं, तरी सगळ्यांनी मान डोलावली.

इंजिनियर अरुणकुमार मात्र पेन्सिल न उचलता बोलतच उभे होते. ते दोन वर्षं विलायतेत शिकून आलेले, आणि तिथे घरमालकिणीच्या टेलिव्हिजनवर त्यांनी हीच कथा मुळात पाहिली होती. दर शनिवारी एक, असे सहा भाग. "ये तो आधी कहानी है," ते सांगत होते. "असली मज़ा तो छठे पार्ट में था. वो औरत दफ़्तर में जाकर टेबल के सामने खड़ी हो जाती है. बैठती नहीं, रोती नहीं. बस खड़ी रहती है. आख़िर में वो अफ़सर रजिस्टर खोलता है और उसके सामने लिखता है, किस तारीख को मरा. फिर वो घर जाती है."

शेवंता कपबशा गोळा करत होती. तिचा हात थांबला. "मंग हा भाग सिनेमात कावून नाही दाखवला, साहेब?"

झाडणाऱ्या बाईनं प्रश्न विचारला म्हणून दोघंचौघं वळून बघू लागले. अरुणकुमार भले गृहस्थ होते, त्यांनी नीट उत्तर दिलं. "टाइम नहीं था, बाई. डेढ़ घंटे में छह हफ़्ते कैसे आएँगे? कुछ तो काटना पड़ता है."

लोक पांगल्यावर शेवंता टेबलापाशी आली. टिकाराम वही मिटत होता.

"टिकारामभाऊ, माहा अभिप्राय लिहा."

"तुमचा?" टिकाराम हसला. "सांगा. कसा वाटला पिक्चर?"

"लिहा. त्या बाईले सांगाले पायजे होतं. मेला तर मेला म्हणून सांगाव. बाईमानूस मरणाले नाही भेत, लटकून ठेवल्याले भेते." ती थांबली आणि घाईनं, जणू कोणी वही ओढून नेईल अशी, पुढे बोलू लागली. "आता लिहा का माहा नवरा गुलाब सखाराम मेश्राम ढलाईच्या कामावर गेला आन् खड्ड्यातच राह्यला. त्याचा डबा भरलेला होता. त्याच्या नावाम्होरं फरार लिवलं हाय. ते खोडाव आन् मेला असं लिहाव. बस, एवढंच."

टिकारामची पेन्सिल हवेतच राहिली. "वहिनी, हे पिक्चरबद्दल नाही होय."

"पिक्चरबद्दलच हाय. तुमी नाही पाह्यला का पिक्चर?"

टिकारामनं मान खाली घातली आणि तो लिहू लागला. त्यानं बरंच लिहिल्यासारखं दिसलं. शेवंता त्याच्या हाताकडे बघत उभी राहिली. अक्षर तिच्या ओळखीचं नव्हतं, पण पेन्सिलीचा कागदावर होणारा आवाज तिला इतका गोड लागला की त्या दिवशी तिनं हॉल दोनदा झाडला.

तिसऱ्या रविवारी टिकारामनं वही उघडून तिला उत्तर वाचून दाखवलं. "गुलाब सखाराम मेश्राम याच्या प्रकरणाची चौकशी केली जाईल." शेवंतानं पुन्हा वाचायला लावलं. त्यानं पुन्हा वाचलं. केली जाईल! पंखा दहा दिवसांत फिरला होता, हे तर माणसाचं काम, याला थोडा वेळ लागायचाच. पुढच्या पंधरवड्याला उत्तर आलं, "चौकशी सुरू आहे." त्याच्या पुढच्या खेपेला, "संबंधितांना पत्र लिहिले आहे." शेवंता घरी जाताना ती वाक्यं तोंडात घोळवत जायची. तिनं मनातल्या मनात भंतेजींचं जेवण ठरवून टाकलं, जामुल गावात दिलेल्या बहिणीला कधी बोलवायचं ते ठरवलं. कुंकवाची डबी कुठे ठेवून द्यायची हेसुद्धा तिनं ठरवलं होतं. ललितापुढे मात्र चकार शब्द नाही. पोरीला एकदाच सांगायचं, कागद हातात आला की.

असे चार महिने गेले. ऊन तापू लागलं. एका रविवारी शेवंताचा खांदा धरला, म्हणून दऱ्या अंथरायला ललिता सोबत आली. टिकाराम सिनेमाची पेटी आणायला स्टेशनावर गेला होता, वही टेबलावर होती. ललिता दऱ्या टाकून झाल्यावर पानं चाळत बसली. लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून ती एकटीच हसत होती.

"माय! इसमें तेरा नाम है!"

आता पोरीला असं कळणार! शेवंता हातातला झाडू टाकून धावली. पण ललिता हसतच होती.

"काय लिवलं हाय?" शेवंतानं विचारलं.

ललितानं शाळेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. "सिनेमा आवडला. शेवट अपुरा वाटला. शेवंता गुलाब मेश्राम, सफाई विभाग. उसके नीचे लाल में, धन्यवाद."

"आन् पुढं?"

"पुढं किसी दूसरे का है. पंखे का."

"नीट पाह्य. मागं पाह्य. लई लिवलं असन."

ललितानं पान उलटून पाहिलं, पुढचं पाहिलं, बोटानं ओळी दाखवल्या. दोन ओळी पेन्सिलीच्या, एक शब्द लाल. "बस इतनाच है, माय," ती म्हणाली, आणि मग कौतुकानं, "तुले पिक्चर आवडला होता? मले तर कधी सांगतलं नाही तू."

शेवंतानं तिला घरी पाठवून दिलं. खांदा दुखायचा थांबला म्हणाली. मग ती टेबलासमोर जाऊन उभी राहिली. बसली नाही, रडली नाही. टिकाराम पेटी घेऊन आला तेव्हा ती तशीच उभी होती.

त्याला काही कळलं नव्हतं. त्यानं घाम पुसला, सवयीनं वही पुढे ओढली आणि पान काढून वाचलं, "प्रकरणाचे कागद दुर्गला पाठवले आहेत."

"कोनत्या तारखेले पाठवले?" शेवंतानं विचारलं.

"पाठवले आहेत," टिकाराम म्हणाला. "काळजी करू नका, वहिनी."

"तारीख काय लिवली हाय?"

टिकारामनं वहीत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो जमिनीकडे पाहू लागला. तिनं स्वतः झाडलेली जमीन होती ती. तिच्यावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"ललितानं वाचून दाखवलं मले," शेवंता म्हणाली.

मग टिकाराम बोलला, आणि इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. तो अजून कायम झाला नव्हता. असलं काही वहीत लिहिलं असतं तर त्याचीही नोकरी गेली असती, तिचीही. पण तो स्वस्थ बसला नव्हता, बाबासाहेबांची आण घेऊन सांगतो म्हणाला. ती बोलली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तो ठेकेदाराच्या कचेरीवर गेला होता. तिथे कचेरी नव्हतीच. ठेकेदाराचं काम संपलं, माणसं पांगली, मुन्शी आपल्या मुलखाला गेला आणि हजेरीबुकं गेली ट्रकातून, कुठे ते कोणाला माहीत नाही. वाळवीनं खाल्ली असतील नाहीतर चुलीत गेली असतील.

"मतलब?" शेवंतानं विचारलं.

"मतलब, ते खोडाले पुस्तकच नाही राह्यलं, वहिनी. ज्याच्यात लिवलं होतं तेच नाही. आता कोन खोडनार आन् कायच्यात खोडनार?" टिकारामनं वही बाजूला सारली. "मले तुमाले हे कसं सांगू सुचे ना. तुमी आशेनं याच्या. मंग मी वाचत गेलो."

शेवंताला त्याचा संताप यायला हवा होता. तो आलाच नाही. तिला फक्त एकदम फार थकल्यासारखं झालं. शब्द उरला होता आणि पुस्तक गेलं होतं. कॅम्पात, शाळेत, बायकांच्या तोंडी, सगळीकडे गुलाब फरार होता आणि आता सगळा जन्म फरारच राहणार होता, कारण तो शब्द जिथून खोडायचा ती जागाच कोणी ट्रकात घालून घेऊन गेलं होतं. त्या विलायतेतल्या बाईच्या ऑफिसरकडे निदान रजिस्टर तरी होतं.

"टिकारामभाऊ," ती म्हणाली, "चार महिने तुमी तुमच्या मनानं वाचलं. आज एकडाव माह्या मनानं वाचा. वही धरा. म्हना, गुलाब सखाराम मेश्राम कामावर मेला. मले फक्त आयकू द्या. लिहू नका."

टिकारामनं वही उचलली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. खिडक्यांना काळं कापड लावलेलं होतं, बाहेरून दिसायची सोय नव्हती. ते वाचून त्याचं काही बिघडणार नव्हतं. "गुलाब सखाराम मेश्राम," त्यानं सुरुवात केली, आणि तो थांबला. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा नावापाशी येऊन अडकला. वहीत नसलेल्या दहा गोष्टी बिनदिक्कत वाचणारा तो माणूस, पण एवढे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून निघेनात. त्याच्या कपाळावरचा घाम वहीवर पडला.

"गुलाब सखाराम मेश्राम," शेवटी तो म्हणाला, "याची चौकशी सुरू आहे."

शेवंता म्हणाली, "बरं."

तिनं बादली उचलली आणि राहिलेल्या भागावर पाणी शिंपलं. थोड्या वेळानं लोक येऊ लागले. त्या दिवशीचा सिनेमा विनोदी होता. समितीनं ठरवलं होतं की त्या फीतवाल्या सिनेमाचा शेवट बऱ्याच जणांना अपुरा वाटला, तेव्हा उन्हाळाभर हसवणारेच खेळ आणावेत. लोक पोट धरून हसले. शेवंता बाजूच्या दाराशी उभी होती, तिला पडद्यावर कोण का पडतंय ते काही कळलं नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ललिता ओट्यावर बसून बापाचा डबा घासत होती. राखेनं तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. तिनं डबा धुतला, उन्हाकडे धरून आतून पाहिला आणि नेहमीसारखं विचारलं, "माय, बाबाची काही खबर?"

पाणी भरून ठेव, असं शेवंताच्या ओठांवर आलं होतं. पण पोरीनं मान वर करून पाहिलं. गुलाबसारखे डोळे, आणि त्यांत इतक्या दिवसांत तसूभर कमी न झालेली वाट. खरं सांगायचं तर आता सांगण्यासारखं खरं काही हातात उरलंच नव्हतं. ना कागद, ना तारीख, ना जागा. शेवंतानं डोळे मिटले. तिला भोंग्यापुढे बसलेली ती बाई दिसली नाही, ऑफिसर दिसला. त्याच्या मनात काय चाललं असेल ते तिला पहिल्यांदाच कळलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"चौकशी सुरू हाय," ती म्हणाली.

"खरंच?" ललिता उठूनच उभी राहिली. "किसने बताया?"

"क्लबात लिवून आलं हाय. लाल शाईत."

ललितानं डबा झग्याला पुसून कोरडा केला, आणि त्या दिवशी पालथा न घालता झाकण लावून सरळ ठेवला.